तीन विज्ञाने आणि एक भूगोल : आयबी पदविका निवडण्याचे अंबाजोगाईतील एक प्रकरण

मे 2024च्या अखेरीस, दहावीचा निकाल लागून चारच दिवस झालेले असताना, अंबाजोगाईचे एक कुटुंब शैक्षणिक सल्ल्यासाठी माझ्याकडे छत्रपती संभाजीनगरला आले. वडिलांचे कृषी सेवा केंद्र आणि अठरा एकर जमीन, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, आणि मुलगी सेमी-इंग्रजी माध्यमातून 96.40 टक्के गुण मिळवून उत्तीर्ण झालेली. सोबत आजोबा होते आणि लातूरला राहणारी आत्याही होती, त्यामुळे निर्णय कोणा एकाचा नाही हे खोलीत खुर्च्या कमी पडल्या तेव्हाच लक्षात आले. कुटुंबाच्या संमतीने हे प्रकरण लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न वरवर पाहता सोपा होता. आत्याचे म्हणणे असे की मुलीने लातूरला अकरावी विज्ञानाला प्रवेश घ्यावा, तिच्याच घरी राहावे आणि 'नीट'ची तयारी करावी. पुण्याच्या मामाचे म्हणणे असे की मुलीला अकरावी-बारावीऐवजी आंतरराष्ट्रीय पदविकेला, म्हणजे ज्याला सगळे आयबी म्हणतात त्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला घालावे. आजोबांना दोन्हींपेक्षा मुलगी घरापासून किती लांब जाणार याची काळजी होती. मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. नंतर तिने पिशवीतून एक वही काढली. आठवीपासून ती गावाकडच्या चौदा विहिरींची पाण्याची पातळी दोरीला गाठी मारून मोजत होती आणि त्या नोंदी या वहीत होत्या. 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले तेव्हा ती आठ वर्षांची होती. मांजरा धरण कोरडे पडले होते आणि लातूरसारखीच अंबाजोगाईही त्याच धरणावर अवलंबून, त्यामुळे त्या उन्हाळ्याची आठवण या भागातल्या मुलांना सांगावी लागत नाही. तुला काय व्हायचे आहे, असे मी विचारले, तेव्हा तिने दिलेले उत्तर मी तसेच उतरवून ठेवले आहे: "पाण्याचं काहीतरी. नाहीतर डॉक्टर."

हे 'नाहीतर' या प्रकरणाच्या मुळाशी आहे.

आपल्याकडे दहावीनंतर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला शाखा निवडावी लागते, आणि ती निवडताना पुढची तीस वर्षे निवडल्यासारखे वागावे लागते. आयबीचे आकर्षण नेमके इथे आहे. 1968 साली जिनिव्हात सुरू झालेली ही व्यवस्था मुळात देशोदेशी फिरणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी होती, म्हणजे ज्यांची शाळा बदलते पण शिक्षण तुटू नये अशांसाठी. (आमच्या बीड जिल्ह्यात फिरत्या कुटुंबांची मुले म्हटली की ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुले आठवतात.) भारतात 1976 साली कोडाईकनालच्या शाळेपासून ती सुरू झाली आणि 1983पासून भारतीय विद्यापीठ संघाने या पदविकेला बारावीशी समकक्ष मानले आहे. म्हणजे 'हे भारतात चालते का' या वडिलांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी होते. मात्र 'चालते' या एका शब्दात तीन-चार वेगळे प्रश्न दडलेले असतात, आणि पुण्यातल्या ज्या सल्लागार संस्थेकडे मामा आधी जाऊन आले होते तिने ते सगळे एकाच वाक्यात मिटवले होते: सगळे दरवाजे उघडे राहतात. मामांनी ते वाक्य खरे मानले यात त्यांची चूक नाही, कारण माहितीपत्रकात शाखा नावाची गोष्टच नसते आणि आपल्या मनात बंद दरवाजा म्हणजे चुकलेली शाखा असेच समीकरण असते.

रचना अशी आहे. विद्यार्थी सहा विषय घेतो. पहिल्या गटातून साहित्याच्या अंगाने शिकायची एक भाषा, दुसऱ्यातून आणखी एक भाषा, तिसऱ्यातून इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र यांसारखा समाजविषयक विषय, चौथ्यातून एक विज्ञान, पाचव्यातून गणित आणि सहाव्यातून कला. कला नको असेल तर तिच्या जागी आधीच्या गटांतला आणखी एक विषय घेता येतो. सहांपैकी तीन विषय उच्च स्तरावर, प्रत्येकी 240 अध्यापन तासांचे, आणि तीन प्रमाण स्तरावर, प्रत्येकी 150 तासांचे असतात. प्रत्येक विषयाला 7पैकी गुण मिळतात, म्हणजे 42. उरलेले 3 गुण ज्ञानमीमांसा, म्हणजे आपल्याला जे माहीत आहे ते कशाच्या बळावर याचा विचार करायला लावणारा विषय, आणि चार हजार शब्दांचा विस्तारित निबंध यांच्या एकत्रित मूल्यमापनावर, असे एकूण 45. याशिवाय सर्जनशीलता, शारीरिक कृती आणि सेवा असा एक उपक्रम दोन्ही वर्षे चालवावा लागतो. त्याला गुण नाहीत, पण तो पूर्ण केल्याशिवाय पदविका मिळत नाही.

आता विहिरींची वही आणि 'नाहीतर डॉक्टर' ही दोन्ही या चौकटीत बसवून पाहू. अभियांत्रिकीच्या बाजूला अडचण येत नाही: दोन भाषा, भूगोल, भौतिकशास्त्र, गणित, आणि कलेच्या जागी रसायनशास्त्र. पाणी, भूगर्भ, हवामान, स्थापत्य यांपैकी पुढे काहीही निवडायचे तरी ही सहा चालतील. वैद्यकीयला मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र ही तिन्ही बारावीच्या पातळीवर शिकलेली हवीत. दोन भाषा, एक समाजविषयक विषय आणि गणित हे चार बांधलेले असल्यावर विज्ञानांसाठी दोनच जागा उरतात. तिसरे विज्ञान घ्यायचे तर नियमित रचना मोडावी लागते. तशी सोय आहे. एखाद्या देशातील विद्यापीठ-प्रवेशाची अट लेखी पुराव्यासह दाखवली तर शाळेमार्फत अपवादात्मक रचनेची परवानगी मागता येते आणि एका गटातला विषय सोडून त्या जागी तिसरे विज्ञान घेता येते. म्हणजे 'आयबी करून डॉक्टर होता येते' हे खोटे नाही. पण या मुलीला त्यासाठी सोडावा लागणार होता तो भूगोल.

मी कागदावर दोन स्तंभ आखून हे कुटुंबापुढे ठेवले तेव्हा खोलीत शांतता पसरली, कारण ज्या विषयासाठी लातूर सोडून पुण्याचा विचार चालला होता तो विषय 'नाहीतर' टिकवण्यासाठी पहिल्याच दिवशी गमवावा लागत होता. ज्या मुलाला वैद्यकीयची वाट मोकळी ठेवायची आहे त्याच्यासाठी ही सर्वांगीण पदविका तितकीशी सर्वांगीण राहत नाही. ती त्याच्याकडून निर्णय मागते, आणि तो लातूरपेक्षाही लवकर मागते. लातूरला अकरावीत गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेऊन, ज्याला मुले पीसीएमबी म्हणतात ते करून, बारावीच्या दिवाळीपर्यंत कुंपणावर बसता येते. शाखांच्या जाचातून सुटण्याचा उपाय म्हणून पुढे केलेला अभ्यासक्रम या एका बाबतीत अधिक कडक निघावा, ही गोष्ट मलाही हे काम सुरू करून काही वर्षे झाल्यावरच नीट कळली होती.

आत्यांनी त्यावर लगेच निकाल दिला असता, पण आईंनी थांबवले. त्यांचा प्रश्न वेगळा होता आणि माझ्या मते त्या बैठकीतला सर्वांत नेमका होता: तीन विज्ञाने घेतली असे धरले, तरी 'नीट' कधी देणार? 'नीट' मे महिन्याच्या पहिल्या रविवारच्या सुमारास असते. आयबीची लेखी परीक्षा एप्रिलच्या अखेरीस सुरू होऊन मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालते. म्हणजे ज्या पंधरवड्यात लातूरची मुले दिवसाला एक सराव परीक्षा देत असतात, त्या पंधरवड्यात ही मुलगी भौतिकशास्त्राचे सविस्तर उत्तरांचे पेपर सोडवत असणार. दोन परीक्षांना लागणारी सवयच वेगळी आहे. आयबीच्या विज्ञान विषयांत पाचवा हिस्सा गुण विद्यार्थ्याने स्वतः आखलेल्या आणि पार पाडलेल्या प्रयोगाच्या अहवालावर असतात. 'नीट'मध्ये एका प्रश्नाला मिनिटभराच्या आसपास वेळ मिळतो आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापले जातात. लातूर पॅटर्न म्हणून जे ओळखले जाते ते या दुसऱ्या सवयीचे चाळीसेक वर्षांत घडवलेले शास्त्र आहे, आणि त्याची टिंगल करणाऱ्यांनी मराठवाड्यातल्या तालुक्याच्या रुग्णालयांतले डॉक्टर कुठून आले याची एकदा चौकशी करावी.

अभियांत्रिकीच्या बाजूलाही अडथळे आहेत, फक्त ते ओलांडता येण्यासारखे आहेत. राज्याची सीईटी राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर बेतलेली असते, साधारण 20 टक्के अकरावीचा भाग आणि 80 टक्के बारावीचा; तो अभ्यास आयबीच्या विद्यार्थ्याला वेगळा करावा लागतो. निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतो, म्हणजे राज्य मंडळाच्या मुलांचे गुण हातात येऊन महिना उलटून गेलेला असतो, आणि त्यानंतर समकक्षता प्रमाणपत्राची धावपळ. परदेशी विद्यापीठांना अर्ज करणाऱ्यांना हा उशीर जाणवत नाही, कारण तिथे शाळेने वर्तवलेल्या गुणांवर प्रवेशाचा निर्णय होतो आणि नंतर प्रत्यक्ष निकालाशी तो पडताळला जातो. आपल्या प्रवेश फेऱ्यांत तशी पद्धत नाही.

तिसरा पर्याय मध्येच आला. हैदराबादला मुलीची मावशी राहते. तिथल्या एका शाळेचे शुल्क पुण्यापेक्षा बरेच कमी होते, आणि मुलगी घरच्या माणसांत राहणार म्हणून आजोबांचा कल तिकडे होता. त्यांच्या पिढीला हैदराबाद परके वाटत नाही; शिक्षण, दवाखाना, लग्नाचा बस्ता, सगळे तिकडेच होत असे. पण महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते, आणि अभियांत्रिकीतही राज्यातला उमेदवार म्हणून सरळ मार्गाने गणना होण्यासाठी तीच अट येते. तसे नसेल तर पालकांच्या अधिवासाच्या आधारे वेगळ्या प्रकारातून अर्ज करावा लागतो. पदविका कोणती, याइतकेच ती कोणत्या राज्यात केली हे महत्त्वाचे ठरते, आणि हा मुद्दा कोणत्याही शाळेच्या माहितीपत्रकात मी छापलेला पाहिलेला नाही. मावशींचे घर त्या दिवशी यादीतून गेले. आजोबा थोडे नाराज झाले.

खर्चाबद्दल थोडक्यात. पुण्याच्या निवासी शाळेचा दोन वर्षांचा सगळा आकडा अठ्ठावीस लाखांच्या घरात जात होता. लातूरचा, शिकवणी धरून, सहा लाखांच्या आत. वडिलांनी तीन एकर विकण्याची तयारी दाखवली आणि मी त्याला स्पष्ट विरोध केला. बारावीच्या समकक्ष पातळीसाठी जमीन विकली तर पदवीसाठी काय विकणार, हा माझा साधा हिशोब होता. शेवटी शाळेच्या शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत निम्मे शिक्षणशुल्क माफ झाले, बारा लाख वडिलांकडे बाजूला होते आणि उरलेल्या रकमेचे कर्ज काढावे लागले. शिष्यवृत्ती मिळाली नसती तर हे प्रकरण लातूरलाच संपले असते, आणि तो निर्णय चुकीचा आहे असे मी म्हटले नसते.

भाषेचा प्रश्न मात्र सविस्तर सांगितला पाहिजे, कारण मराठवाड्यातून येणाऱ्या मुलांचे खरे अडते ते तिथे, आणि सुटतेही तिथेच. शाळेने सुरुवातीला सुचवलेली जोडी नेहमीची होती: पहिल्या गटात इंग्रजी साहित्य, दुसऱ्या गटात हिंदी. शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांना ती सोयीची पडते. सेमी-इंग्रजीच्या मुलीने विज्ञान आणि गणित इंग्रजीतून वाचलेले असते, पण अपरिचित इंग्रजी कविता समोर ठेवून तिच्यावर सलग दोन पाने लिहिण्याचा प्रसंग तिच्यावर कधी आलेला नसतो. नियमांत एक तरतूद आहे. शाळेत शिक्षक नसला तरी विद्यार्थ्याला आपल्या मातृभाषेचे साहित्य स्वाध्यायाने, शाळेच्या देखरेखीखाली, पहिल्या गटात घेता येते. ते फक्त प्रमाण स्तरावर मिळते आणि त्याची मागणी वेळेत नोंदवावी लागते. मग इंग्रजी दुसऱ्या गटात जाते, जिथे ती शिकत असलेली भाषा म्हणून तपासली जाते. शिवाय साहित्याचा विषय मराठीत आणि विज्ञान किंवा भूगोल इंग्रजीत, असे दोन्हींत किमान 3 गुण मिळवले तर पदविका द्विभाषिक म्हणून दिली जाते. शाळेच्या समन्वयकांना ही तरतूद माहीत होती; मराठीसाठी ती वापरावी असे त्यांच्या मनात आले नव्हते, इतकेच. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी ज्या गावात आहे तिथल्या मुलीने पुण्यात जाऊन मराठीच्या जागी हिंदी घ्यावी, हे आजोबांनाही पटले नसते. अंबाजोगाईच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर नऊ साहित्यकृती शिकवण्याचे मान्य केले आणि मानधन घ्यायला नकार दिला.

निर्णय जूनच्या तिसऱ्या आठवड्यात झाला. दोन्ही स्तंभांचा कागद मुलीजवळ पंधरा दिवस राहू द्यावा आणि या काळात कोणी तिला समजावू नये, एवढीच विनंती मी केली होती, आणि आत्यांनी ती पाळली, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. मुलीने फोनवर सांगितले की तिला तीन विज्ञाने नकोत. वैद्यकीय बंद होते आहे हे समजले आहे का, असे मी दोनदा विचारले. समजले आहे, म्हणाली. 'नाहीतर' हे आपण घरच्यांसाठी म्हणत होतो, असेही म्हणाली. उच्च स्तरावर भूगोल, भौतिकशास्त्र आणि गणित, तर प्रमाण स्तरावर रसायनशास्त्र, इंग्रजी आणि स्वाध्यायाची मराठी, असे ठरले. पर्यावरण प्रणालींचा विषय त्याच वर्षापासून उच्च स्तरावर सुरू होत होता आणि तो विज्ञान व समाजविषयक अशा दोन्ही गटांत मोजला जातो, म्हणून मला तो मोहात पाडत होता, पण त्या शाळेत तो शिकवला जात नव्हता.

पहिले वर्ष कसे गेले हे सांगितल्याशिवाय हे प्रकरण अपुरे राहील, कारण प्रवेशापर्यंतच्या कहाण्या नेहमी बऱ्या वाटतात. ऑक्टोबर 2024मधल्या पहिल्या गुणपत्रकात गणिताला 7पैकी 3 होते, भौतिकशास्त्राला 3, इंग्रजीला 4. शहाण्णव टक्क्यांच्या मुलीच्या हातात असा कागद पडला की घरी काय होते, हे मराठवाड्यात कोणाला समजावण्याची गरज नाही. वडिलांनी मला फोन करून शाळा बदलता येईल का असे विचारले. 3 म्हणजे 43 टक्के असा सरळ भागाकार होत नाही हे मी सांगितले, पण त्यांची भीती अगदीच अनाठायी नव्हती: पदविकेसाठी एकूण 24 गुण लागतात, उच्च स्तराच्या तीन विषयांत मिळून किमान 12 लागतात, आणि गणित-भौतिकशास्त्रात 3-3 राहिले तर भूगोलात 6 मिळवल्याशिवाय ती बेरीज जुळत नाही. राज्य मंडळात हीच मुलगी नापास होण्याची शक्यता कोणी मनातही आणली नसती. आंतरराष्ट्रीय पदविका निवडताना शुल्काचा धोका सगळे मोजतात, हा धोका सहसा कोणी मोजत नाही.

मुलगी स्वतः गुणांनी तितकी खचली नव्हती. तिला त्रास झाला तो ज्ञानमीमांसेच्या तासाला. एखादी गोष्ट आपल्याला माहीत आहे असे आपण कशाच्या बळावर म्हणतो, यावर वर्गातली मुले सहज बोलत आणि ती गप्प बसे, कारण शाळेत बोलण्याआधी उत्तर माहीत असावे लागते अशीच दहा वर्षांची सवय होती. जानेवारीत एका तासाला तिने विहिरींची वही नेली आणि दोरीच्या गाठींवरून काढलेली पातळी कितपत खरी मानायची, असा प्रश्न स्वतःच मांडला. त्यानंतरचे तास सोपे झाले असे ती म्हणत नाही. निदान आता हात वर करते, एवढेच म्हणते. एप्रिल 2025च्या गुणपत्रकात गणित 4, भौतिकशास्त्र 4, भूगोल 6, इंग्रजी 5, रसायनशास्त्र 4 आणि मराठी 6 होते, म्हणजे सहा विषयांत मिळून 29. मामांना हे कमी वाटते, वडिलांना पुरेसे वाटते. लेखी परीक्षा मे 2026मध्ये आहे. सीईटीचा अभ्यास ती सुट्टीत करते आणि तो मागे पडलेला आहे.

विस्तारित निबंधासाठी तिने भूगोल निवडला असून विषय अर्थातच त्या चौदा विहिरींचा आहे: काळ्या पाषाणाच्या भूभागात जवळजवळच्या दोन विहिरींची पातळी उन्हाळ्यात इतकी वेगळी का असते. मार्गदर्शक शिक्षिकेने जुनी वही पुरावा म्हणून घ्यायला नकार दिला, कारण मोजण्याची वेळ, उपसा आणि दोरीचा ताण यांची नोंद त्यात नव्हती. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगी मोजपट्टी घेऊन पुन्हा सगळ्या विहिरींवर गेली, दर वेळी पहाटे, मोटारी सुरू होण्याआधी, आणि आजोबा मोटारसायकलच्या मागे बसून तिच्यासोबत गेले. चौदापैकी अकरा विहिरी मोजून झाल्या. उरलेल्या तीन कोरड्या होत्या, आणि कोरड्या विहिरीची पातळी तळाइतकी धरायची की ती नोंद रिकामी सोडायची, हा प्रश्न तिने शिक्षिकेला लिहून पाठवला आहे.